गाठीच्या कापडाचा वारस

मी, इंद्रजीत लखीराम आडे, वय चौसष्ट, धंदा जिनिंगमधील फिटर, राहणार फुलसावंगीजवळचा तांडा, तालुका महागाव, जिल्हा यवतमाळ, पूर्ण शुद्धीत राहून, कोणाच्या धाकाने वा आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. येत्या महिन्यात नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. हेच वाक्य मशीन उघडताना मीही लोकांना पुष्कळदा सांगितले आहे, म्हणून आजच लिहितो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

कलम पहिले. तांड्यातील राहते घर पत्नी मोतीबाई हिचे. तिच्या पश्चात मुलगा शाम याचे. तिच्या हयातीत शामने घराचे तोंड रस्त्याकडे फिरवण्याचा विषय काढू नये. त्यावर आम्ही नवराबायको पुरेसे भांडलो आहोत.

कलम दुसरे. बँकेतील ठेवही मोतीबाईचीच. ती कशी खर्च केली हे तिला कोणी विचारू नये.

कलम तिसरे. माझे सर्व पाने, पुलर आणि ग्रीसगन नेरला दिलेली मुलगी रंजिता हिला द्यावेत. शामला वाईट वाटेल, पण शाम पाना वापरतो आणि पावसात टाकून येतो. रंजिता सासरी विहिरीवरची मोटर स्वतः खोलते. मोठा पाईप पाना माझ्या चुलतभावाकडे आहे. तो स्वतःचा असल्याचे तो सांगतो. त्याच्या मुठीवर माझे नाव कोरलेले आहे. मागायला जाऊ नये, पण तो माझा होता एवढे सर्वांना ठाऊक असावे.

कलम चौथे. 'आदर्श कामगार' असे लिहिलेले सन्मानचिन्ह कपाटामागे पडले आहे. ते भिंतीवर लावू नये आणि नातवंडांना दाखवू नये. ते मला ज्या वर्षी मिळाले त्या वर्षीची हकीकत पुढच्या कलमात आहे.

कलम पाचवे, गाठीच्या कापडाबाबत. ज्यांनी आमची जिनिंग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हंगामातली कापसाची पहिली गाठ कापडात बांधून उरलेले कापड आमच्यात सर्वांत जुन्या फिटरकडे येते. दुपारचा भोंगा झाला की तो ते लिंबाखाली अंथरतो. सगळे डबे त्यावर उघडतात, भाज्या मधे येतात. कोणी नको असेल तर त्याला कोणी ऊठ म्हणत नाही. तो जवळ आला की आम्ही झाकणे लावतो आणि म्हणतो, झालं आमचं. मालकाची नोटीस परत घेता येते, पण आमच्या झाकणांविरुद्ध दाद मागायला जागा नाही.

सहा हंगामांपूर्वी मशीनवर रुई लवकर निघावी म्हणून रोलरवरच्या संरक्षक जाळ्या काढल्या होत्या. मालकाने सुचवले, जादा पैसे मिळत म्हणून सगळ्यांना ते हवे होते, आणि जाळ्या काढणारा हात माझा. मशीनवर कापूस टाकणाऱ्या मथुराबाईची बांगडी अडकली आणि तिची चार बोटे गेली. चौकशीला साहेब आले तेव्हा आम्ही एकामागून एक सांगितले की बाईचे लक्ष नव्हते. असे सांगायचे म्हणून आम्ही कुठे बसून ठरवले नव्हते. पहिल्याने सांगितले ते पुढच्याने ऐकले, बस. एकट्या रहमतने, आमच्या ऑइलमनने, सांगितले की जाळी नव्हती.

त्याच्या सांगण्यावरून जाळ्या परत लागल्या, जादा पैसे थांबले. मालकाने रहमतला काढले नाही. काढायची गरज आम्ही ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी तो डबा घेऊन आला तेव्हा पहिले झाकण माझे वाजले, दुसरे प्रेसवर गाठी दाबणाऱ्या देवीलालचे. माझे जेवण खरेच झाले होते, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितले. डब्यात अर्धी भाकर होती.

तेव्हापासून रहमत प्रेसच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ एकटा जेवतो. त्याच मशीनवर आज माझी सून उज्ज्वला कापूस टाकते. मधे जाळी आहे म्हणून तिचे दोन्ही हात संध्याकाळी घरी येतात, आणि त्या हातची भाकरी मी डब्यात नेतो. हे लिहिताना मला लाज वाटते. यंदा संघदीप नावाचा नवा माणूस लागला. रहमत पाणी भरायला जवळून गेला तसे त्यानेही झाकण लावले. मी विचारले, "तू काहून झाकलं?" तो म्हणाला, "सारे झाकते म्हणून." त्याला मथुराबाई माहीत नाही.

म्हणून मी या कलमात आधी असे लिहिले होते की माझ्या मरणानंतर हे कापड रहमतला द्यावे आणि ते त्यानेच अंथरावे. आज सकाळी रहमत आणि देवीलाल यांना साक्षीदार म्हणून बोलावून ते वाचून दाखवले. रहमतने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"इंद्रजीतभाऊ, तुमी गेल्यावर मी कोणाबरोबर बसू? तुमी तं नसान."

मी म्हणालो, कापड तुझे असेल तर बाकीच्यांना यावेच लागेल.

"मले कापड नको. सही कराले बोलावलं, सही करतो. पण जेवाचं मेल्यावर काहून? उद्या भोंगा होत नाही का?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. देवीलाल पेनचे टोपण काढघाल करत राहिला.

म्हणून पाचवे कलम बदलतो. कापड कोणालाही देत नाही. धुण्यासाठी मी ते शनिवारी घरी आणतो, तसे ते आज लोखंडी पेटीत घडी घालून आहे. उद्या सोमवारी मी ते टाकीजवळ नेऊन अंथरीन, डबा उघडीन आणि परत घरी आणणार नाही. बाकीचे येतील याची हमी देत नाही. ते माझ्यासमोरही झाकणे लावतील, याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटते.

मी गेल्यावर पेटी उघडाल. कापड तीत नसेल तर हे कलम कोणाला वाचून दाखवण्याची गरज नाही. कापड तीत सापडले तर मी टाकीजवळ गेलोच नाही असे समजावे. मग तेरवीला जिनिंगची सर्व माणसे जेवायला बसली की शामने हे पान त्यांच्यासमोर मोठ्याने वाचावे, आणि वाचून होईपर्यंत कोणाच्याही पानात काही वाढू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व खालील साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण: तांडा, तालुका महागाव
दिनांक: १२ जानेवारी २०२५, रविवार

सही: इंद्रजीत लखीराम आडे

साक्षीदार:
१. रहमत मुजफ्फर शेख, ऑइलमन
२. देवीलाल थावरा चव्हाण, प्रेसमन