प्रतिगामी नव्हे, स्थितिवादी

मंगळवार, सायंकाळ

गावच्या विहिरी आटल्या आहेत, आणि टँकरसाठी मी लिहिलेला अर्ज आज कचेरीतून परत आला. लातूर वेगळा जिल्हा झाला असतानाही मी सवयीने 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिले होते. पुतण्या बसवराज पारावर सर्वांदेखत म्हणाला, "काका, तुमी लई प्रतिगामी हाव!"

प्रतिगामी? म्हणजे मागे चालणारा. मी चाललो कुठे? मी उभा आहे. फार तर स्थितिवादी म्हणावे. हा भेद सुनेला दुपारभर समजावला. ती घागर उचलून म्हणाली, "मामा, कोणताबी शब्द घ्या, पानी कोसभर लांबच हाय." आणि गेली.

तिच्या प्रतिपादनात दोष सापडत नाही, याचाच संताप अधिक. नवा अर्ज अजून लिहायचाच आहे.