चंद्रभागाबाईंची घागर आणि माझे इतर जंगम

मी, उत्तरेश्वर ग्यानोबा तोंडे, वय वर्षे बहात्तर, शिक्षण बी.एस्सी. (रसायनशास्त्र), धंदा भंगार खरेदी-विक्री, राहणार वडवणी, जिल्हा बीड, माझ्या मागे राहणाऱ्यांसाठी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. काल डॉक्टरांनी तपासणीसाठी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी ते केले आणि हा क्रम दोनवर येऊन का थांबतो तेही त्यांना समजावून दिले. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. जो आहे तो बावीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि त्याचा खुलासा कलम सहामध्ये येईल. खरे तर हा कागद त्या एका कलमासाठीच लिहिला जात आहे. घर आणि गाळा तोंडी सांगूनही वाटता आले असते.

कलम १. बाजारतळाजवळचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या पश्चात मुलगा सत्यम यास मिळावे. घराचे दार पावसाळ्यात फुगते. लाकूड आडवे फुगते, उभे फुगत नाही, म्हणून रंधा वर न मारता कडेला मारावा. हे मी सत्यमला अनेकदा सांगितले आणि प्रत्येक वेळी "पप्पा, तास सुरू करू नका" असे उत्तर मिळाले. आता तास संपला आहे, म्हणून लिहून ठेवतो.

कलम २. परळी रस्त्यावरचा भंगाराचा गाळा, मोठा वजनकाटा आणि पत्र्याची शेड मुलगी दीपमाला हिला द्यावी. ती सिरसाळ्याला दिली आहे, परंतु या मृत्युपत्राची व्यवस्थापक तीच राहील. सत्यमला भंगाराची लाज वाटते, दीपमालाला वाटत नाही. गाळ्यामागची खोली सारजाबाईंना हयातीपर्यंत बिनभाड्याने राहायला द्यावी. सारजाबाईंनी एकतीस वर्षे माझ्याकडे धातू निवडला. डोळे मिटून, केवळ हातात तोलून, त्या पितळेच्या तोट्यांतून मुलामा दिलेली जस्ताची तोटी बाजूला काढतात. माझ्या पदवीला हे कधी जमले नाही.

कलम ३. माझे लोहचुंबक, कानस आणि ठिणगी पाहायचा ग्राइंडर नात रोहिणी हिला द्यावा. ती बीडला पदार्थविज्ञान शिकते. रोहिणी, चुंबक चिकटले तर लोखंड, इतके कोणीही सांगेल. चिकटले नाही म्हणून ते लोखंड नव्हे, असे मात्र समजू नकोस. स्टीलच्या कित्येक भांड्यांना चुंबक चिकटत नाही, आणि तरी ती बहुतांशी लोखंडच असतात. मग कानस मार आणि आतला रंग पाहा. तरीही शंका उरली तर ग्राइंडरवर धर. साध्या पोलादाची ठिणगी लांब आणि पिवळी पडते, ओतीव लोखंडाची आखूड आणि तांबूस, आणि तांब्याला ठिणगीच नसते. किती सुंदर गोष्ट आहे ही: वस्तूला आपण कोण आहोत हे लपवता येत नाही, फक्त विचारण्याची रीत माहीत हवी. वर्गात शिकवायची संधी मला अडीच वर्षेच मिळाली, तीही बिनपगारी. म्हणून राहिलेले धडे मी गिऱ्हाइकांना दिले.

कलम ४. धाकटे बंधू रामेश्वर यांना माझ्या गाळ्यावरचे चहाचे सहा कप द्यावेत. "भंगाऱ्याच्या घरचा चहा" नको म्हणून चौतीस वर्षांत त्यांनी गाळ्यावर एक घोट घेतला नाही. कप कोरे आहेत. ते आले तर लागतील म्हणूनच ठेवले होते.

कलम ५. पलीकडच्या गाळ्याचे मालक हरिओम यांच्या वजनकाट्याविषयी मी चारचौघांत जे बोललो, ते मागे घेत नाही. तरी या कागदावर साक्षीदार म्हणून मी त्यांनाच बोलावले आहे, कारण माझी बाजू सावरण्यासाठी ते कधी खोटे बोलणार नाहीत.

कलम ६. शेडमध्ये उत्तरेच्या भिंतीलगत, पोत्याखाली, तांब्याची एक घागर आहे. ती माझी नाही. जे माझे नाही ते मला कोणाला देता येत नाही, फक्त परत करता येते. म्हणून हे कलम दानाचे नसून परतीचे आहे.

आमच्या धंद्यातील एक रीत येथे सांगणे भाग आहे. आपल्याकडे भांडे भेट देताना त्यावर देणाऱ्याचे आणि घेणारीचे नाव टिंबाटिंबांनी कोरून घेतात. असे भांडे मोडीत आले की भंगारवाला आधी ते नाव हातोडीने ठोकून सपाट करतो. याला आम्ही नाव मारणे म्हणतो. नाव मारले की भांड्याचा मालक संपतो, आणि पुढे भट्टीपर्यंत कोणी काही विचारत नाही. माझी शिस्त वेगळी होती. मी नाव मोठ्याने वाचत असे, विकणाऱ्याचे त्या नावाशी नाते विचारत असे, आणि मगच भांडे घेत असे. "मास्तर वाचल्याबिगर घेत नाही" अशी माझी ख्याती होती, आणि मला तिचा अभिमान होता.

दोन हजार तीन सालच्या शिमग्याच्या आधी राम नावाचा माणूस पोत्यातून ही घागर घेऊन आला. तो वडवणीपासून दोन कोसांवरच्या वस्तीतला. धाकट्या भावासह ऊसतोडीला गेलेला होता आणि मधूनच एका दिवसासाठी परतला होता. घागरीवर मी वाचले: "सौ. चंद्रभागाबाई हिस बंधू रामकिसन यांजकडून सप्रेम भेट." तो म्हणाला, "आमच्या म्हातारीची हाय. तिनंच दिली इकायला. नाव तेवढं मारून टाका, मास्तर." तो माझ्याकडे पाहत नव्हता. मला कळले. तांबे जाड आणि जुन्या घडणीचे होते, आणि मला ते हवे होते. मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी रामची आई चंद्रभागाबाई स्वतः आल्या. सोबत भावकीतले दोघे आणि त्यांची धाकटी सून मनकर्णा. पोरे उसाला गेली तेव्हा आजारातून उठलेली ही सून आणि तिची तीन वर्षांची मुलगी बबिता एवढ्याच घरी म्हातारीजवळ राहिल्या होत्या. घागर गेली ती सुनेने माहेरी पोचवली, असे सासूचे म्हणणे होते. भंगारवाल्याकडे चला आणि खात्री करा, हा हट्ट सुनेचा होता. तिने मला विचारले, "मास्तर, सासूबाईची घागर तुमच्याकडं आलीया का? नाव हाय तिच्यावर. तुमी वाचल्याबिगर घेत न्हाई म्हनत्यात."

घागर माझ्या पाठीमागे, सात-आठ हातांवर, पोत्याखाली होती. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा दाखल होईल, गाळा बंद पडेल, असे मनात येऊन गेले. मी म्हणालो, "नाही आली."

आणि घागर वाजली. एकदाच, नखाने टिचकी मारावी तशी.

मनकर्णाने मान वळवली. "ते काय वाजलं?"

यानंतर मी जे केले ते माझ्या आयुष्यातील सर्वांत वाईट कृत्य आहे, आणि ते मी अत्यंत उत्तम रीतीने केले. मी शिकवले. धातू उन्हाने प्रसरण पावतो, पत्रा सगळीकडून सारखा तापत नाही, म्हणून ताण साठतो आणि तो सुटताना आवाज होतो, हे मी पत्र्याचा तुकडा हातात घेऊन, उन्हात वाकवून, दहा मिनिटे समजावले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. भावकीतले दोघे माना डोलावत होते. चंद्रभागाबाई सुनेला म्हणाल्या, "ऐकलंस? शिकलेला मानूस हाय. आता तरी सांग, माहेरी कुनाला दिलीस." मनकर्णा पोत्याकडे पाहत होती. मग तिला घेऊन गेले.

त्याच आठवड्यात तिला अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी धाडले. मुलगी ठेवून घेतली. वैशाखात बैठक बसून सोडचिठ्ठी झाली, पुढे नवऱ्याने दुसरे लग्न केले. चंद्रभागाबाई वारल्या. रामही वारला. मेलेल्या माणसावर मी काही ढकलत नाही. त्याने घागर चोरली, पण "नाही आली" हे शब्द माझे होते.

मनकर्णाला माहेरी धाडल्याचे कळले त्याच दिवशी मी घागरीचे नाव मारायला घेतले. पहिला घाव "चं" वर पडला. दुसरा मारता आला नाही.

पुढचे मी शास्त्राच्या विद्यार्थ्याला शोभेल अशा रीतीने नोंदवले आहे. निळ्या वहीत तारीख, वेळ, तापमान आणि ऊन-सावली लिहिली आहे. बावीस वर्षांत घागर त्रेसष्ट वेळा वाजली. अठ्ठावन्न वेळांचे कारण प्रसरण अथवा आकुंचन हे आहे, आणि ते मी कोणालाही सिद्ध करून दाखवीन. उरलेल्या पाच वेळा ढगाळ हवा होती आणि तापमान स्थिर होते. त्यांपैकी तीन वेळा समोर कोणीतरी हरवलेल्या भांड्याची चौकशी करायला उभे होते आणि मी "नाही आली" असे म्हटले होते. त्या तिन्ही वेळा मी खरे बोललो होतो. एकदा शेजारून बबिताच्या लग्नाचा बँड जात होता. पाचव्या वेळी मी घागर वाळूने गच्च भरून ठेवलेली होती. वाळूने भरलेले भांडे वाजत नाही. रोहिणी, हे तू स्वतः करून पाहा.

त्या पाचव्या वेळी सारजाबाई समोरच धातू निवडत होत्या. मनकर्णा विचारायला आली त्या दिवशीही त्या तिथेच होत्या, आणि इतक्या वर्षांत त्या विषयावर एकदाही बोलल्या नव्हत्या. हात न थांबवता, घागरीकडे मान वळवून, त्या म्हणाल्या, "मास्तर, तिला समजावून सांगू नका. ती शिकलेली न्हाई."

तरी माझ्या पश्चात दीपमालाने मनकर्णाचा शोध घ्यावा, हे कलम तिला वाचून दाखवावे आणि घागर तिच्या हाती द्यावी.

कलम ७. (हे कलम वरील मजकुरानंतर नऊ दिवसांनी लिहीत आहे.) दीपमालाने कच्चा खर्डा वाचला आणि मला विचारले, "पप्पा, हे तुम्ही मेल्यावरच कावून?" तिने शोध घेतला. मनकर्णा चकलांब्याकडे एका शेतावर वर्षाच्या बोलीवर, सालाने, राहते, हंगामात उसाला जाते. काल ती गाळ्यावर आली. आता तिचे केस पांढरे झाले आहेत.

मी कलम सहा तिला पूर्ण वाचून दाखवले. एकही शब्द गाळला नाही, मध्ये काही समजावलेही नाही. माफी मागितली. ती मिळावी असा माझा हक्क नाही. नंतर मनकर्णा आपणहून सांगू लागली. माहेरी भावजय तिच्यासमोर पेटीला कुलूप लावायची. उसाच्या फडात कोणाचे काही हरवले की आधी तिच्या पाचटाच्या कोपीची झडती व्हायची. लेकीच्या लग्नात ती मांडवाबाहेर उभी राहिली आणि अक्षता टाकून परत गेली, कारण लेकीनेच निरोप पाठवला होता की येऊ नये.

मी घागर पुढे केली. तिने "चं" वरच्या खड्ड्यावरून बोट फिरवले आणि घागर माझ्याकडे परत सरकवली.

"ही माझी कधीच नव्हती, मास्तर. सासूची हुती. बबिता नात हाय तिची, तिला द्या. माझं गेलं ते येगळं हुतं."

मी म्हणालो की मग मी तिला दुसरे काही लिहून देतो. हरिओम तिथेच बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, सोडा बे तुमचं देनं-घेनं. बाईला इचारा तिला काय पायजे." मी विचारले. तिने विचारले, या कागदावर सही कोण करतो. मी सांगितले की दोन साक्षीदार करतात, आणि ज्याला कागदातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, म्हणजे पुढे कोणी त्याच्याकडे बोट दाखवत नाही.

ती म्हणाली, "मग मला काय बी देऊ नका. मी सही करते."

यावरून मागील कलमातील घागरीची तजवीज रद्द करतो आणि पुढीलप्रमाणे लिहितो. घागर बबिताला परत करावी, माझ्या मरणाची वाट न पाहता, येत्या रविवारी. या कागदाची एक नक्कल तिच्या घरी, तिच्या सासरच्यांसमोर, मी स्वतः वाचेन. त्याआधी मी मेलो तर दीपमालाने वाचावी. "चं" वरचा खड्डा कोणी उठवून घेऊ नये, तो माझ्या हातचा आहे. मनकर्णाला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. ही तिची अट आहे आणि ती मोडण्याचा अधिकार माझ्या वारसांना नाही.

जाताना मी तिला निळ्या वहीविषयी सांगितले आणि विचारले की घागर बबिताच्या घरी वाजली तर काय करायचे. ती म्हणाली, "वाजू द्या की. त्या दिशी माझ्या बाजूनं तेवढीच बोलली हुती."

आज सह्यांसाठी ती पुन्हा आली. हरिओम आणि ती, दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. पूर्वी ती अंगठा उठवत असे. सही ती फडावरच्या साखरशाळेत, लेकरांच्या मागे बसून शिकली. तिला पूर्ण नाव लिहायला बराच वेळ लागला. त्या वेळात घागर आमच्यामध्ये उन्हात ठेवलेली होती. तापमान एक्केचाळीस अंश होते, तांबे हात लावू न देण्याइतके तापले होते, आणि माझ्या शिकवण्याप्रमाणे ती वाजायलाच हवी होती.

वाजली नाही. वहीत नोंद केलेली नाही.

लिहून ठेवणार: उत्तरेश्वर ग्यानोबा तोंडे (सही)

साक्षीदार:
१. हरिओम लिंबाजी मस्के, भंगार व्यापारी, वडवणी (सही)
२. मनकर्णा साहेबराव शेंडगे, शेतमजूर व ऊसतोड कामगार, मु. चकलांबा (सही)

स्थळ: वडवणी, जि. बीड
दिनांक: २४ एप्रिल २०२५