पुलाचं उच्चाटन

सोमवार, ४ मार्च

हसून हसून पोट दुखतंय, आणि घरात हसायची चोरी!

सासूबाई संध्याकाळी सरकारी रेडिओवर बातम्या वाचतात. मी एका पेपरात मुद्रितं तपासते. एका घरात दोन प्रसारमाध्यमं, त्यामुळे जेवताना रोज जुंपते. मी म्हणते, "आई, तुमच्याकडे कुणी साधं बोलतच नाही. सगळे 'प्रतिपादन' करतात. मंत्र्यांना सर्दी झाली तरी ते 'शिंकण्यावर भर' देतील." त्या म्हणतात, "आणि तुमच्याकडे दूध उतू गेलं तरी 'परिसरात खळबळ'!"

तर आज पहिली बातमी पुलाची, दुसरी डासांची. सासूबाई आपल्या त्या कडक इस्त्रीच्या आवाजात म्हणाल्या — "मंत्रिमहोदयांच्या हस्ते नव्या पुलाचे उच्चाटन करण्यात आले." आणि सावरायच्या आत — "आरोग्य विभागाच्या वतीने शहरात डासांचे उद्घाटन होणार आहे."

मग — फिस्स! चक्क हसल्या! सरकारी रेडिओवर! मी आणि नवरा अक्षरशः गडाबडा लोळलो.

त्या घरी आल्या तोंड पाडून. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता जेवलो. बघितलं असतं तर संपलंच होतं.

मंगळवार, ५ मार्च

केंद्रप्रमुखांचा मेमो आला. काय तर म्हणे, "बातमीपत्रात हास्य आढळून आले." आढळून आले! आमटीत झुरळ आढळावं तसं! उच्चाटनाबद्दल अवाक्षर नाही. ते कुणी ऐकलंच नसावं. खुलासा समाधानकारक वाटेपर्यंत सासूबाईंचं वाचन बंद. वाटेल असं काही चिन्ह नाही.

आज त्यांच्या जागी एका गृहस्थांनी वाचलं. 'आकाश निरभ्र राहील' हे वाक्य इतक्या दुःखानं वाचता येतं हे मला माहीत नव्हतं.

सासरे गेले तेव्हा सासूबाई अंथरूण सोडायला तयार नव्हत्या. या बातम्यांनीच त्यांना उठवलं. रोज संध्याकाळी केस विंचरून, घसा खाकरून बाहेर पडणं — तेवढ्यावर त्या उभ्या राहिल्या. आज सवयीनं चपला घातल्या, आणि पुन्हा काढून ठेवल्या. मला बघवलं नाही.

बुधवार, ६ मार्च

आमच्या पेपराला बातमी सापडली! पहिलं पान, ठळक मथळा — "रेडिओची घोडचूक". शिवाय चौकटीत तज्ज्ञांची मतं. एक पुलांचे तज्ज्ञ, एक डासांचे. परवा आम्हीच जिवंत माणसाचा फोटो निधनवार्तेत छापला होता, त्याची चौकट कुणी केली नाही!

पान तपासायला माझ्याच टेबलावर. बातमी थांबवणं माझ्या हातात कुठलं? नुसतं शुद्धलेखन पाहायचं. तर मेली अगदी शुद्ध! सही केली. घरी सासूबाईंनी विचारलं, "काय छापताय उद्या?" मी म्हटलं, "नेहमीचंच." आणि भांडी घासायला पळाले. भांडी घासलेलीच होती.

गुरुवार, ७ मार्च

सकाळी पेपर उघडते तो काय — "रेडिओची गोडचूक"!

घ चा ग! केवढ्या मोठ्या अक्षरांत! खाली बातमी तीच, दातओठ खाणारी. पण मथळ्यापुढे वाचतो कोण? दूधवाला दारातच म्हणाला, "तुमच्या आईंचं काय छान छापून आलंय हो!"

नवरा म्हणाला, "तूच केलंस ना?" मी गळ्याशपथ सांगितलं, मी 'घ'च पास केला होता. त्यानं डोळा मारला. ऑफिसात तर सगळेच डोळे मारत होते.

संपादकसाहेबांनी आत बोलावलं. हा माणूस एका अनुस्वारासाठी छपाई थांबवतो! मी नोकरीवर पाणी सोडूनच आत गेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "होतं असं. गोडचूक हा शब्द कोशात नाही. पण असायला हरकत नाही."

एवढंच! बाहेर येऊन मी दोन ग्लास पाणी प्यायले.

शनिवार, ९ मार्च

रेडिओ केंद्रावर फोनवर फोन. "त्या हसऱ्या बाईंना परत आणा." "नव्या वाचकांना काही दुःख आहे का?" एकानं काकुळतीला येऊन विचारलं म्हणे, "पूल आहे ना जागेवर? मला सोमवारी कामावर जायचंय."

सासूबाई फोनचा एकेक किस्सा ऐकतात आणि म्हणतात, "पुरे गं." आणि मग, "अजून काय म्हणाले?"

सोमवार, ११ मार्च

आल्या! परत आल्या हवेवर!

केंद्रप्रमुखांनी पत्रक काढलंय — 'श्रोताभिमुख धोरणाचा भाग म्हणून माफक स्मितास वाव देण्यात येत आहे.' म्हणजे ते हसू म्हणजे धोरण होतं! आज सासूबाईंनी एकही शब्द चुकवला नाही. नवरा हिरमुसला. मी मात्र रेडिओसमोर बसून ढसाढसा रडले. आनंदानंच.

मंगळवार, १२ मार्च

आमच्या पेपरात आज पहिल्या पानावर — "आमच्या बातमीचा दणका!" चुकलेल्या एका अक्षराचा दणका! सासूबाईंनी अख्खी बातमी बातमीपत्राच्या आवाजात वाचून दाखवली. नवऱ्याच्या नाकातून चहा आला.

शुक्रवार, १५ मार्च

सासूबाई हल्ली फोन घेऊन गॅलरीत जातात आणि दार लोटून घेतात. श्रोते फारच चिवट दिसतात.

रविवार, १७ मार्च

दार उघडलं तर संपादकसाहेब! नवा सदरा, हातात फुलं. माझा राजीनामा मागायला कुणी फुलं घेऊन येत नाही, एवढं कळलं. ते म्हणाले, "आत आहेत का?" सासूबाईंनी त्यांना बसवलं आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. कान लाल झाले होते त्यांचे.

"तो ग यांनीच केला. छपाई थांबवून," त्या म्हणाल्या. "अगं, तुला सासरे म्हणून चालतील का हे?"