मधलं घर

६ एप्रिल, सोम.
बारावीची सुट्टीतली बॅच सुरू. परळचा क्लास, पंखा एकच. मॅक्स-मिनचा धडा आधी घेतला, कारण तो मला डोकं न लावता शिकवता येतो. आधी काय कमीत कमी हवंय ते लिहा. मग डेरिव्हेटिव्ह, ते शून्य कुठे ते पाहा. मग टोकं तपासा, कधी उत्तर तिथेच असतं.
संध्याकाळी दादाचा फोन. लालबागची खोली ३१ मेपर्यंत रिकामी करायची, चाळ पाडणार. नवी इमारत होईपर्यंत आईसाठी भाड्याची जागा बघायची. बाबांना जाऊन तीन महिने झाले. मला अजून रडू आलेलं नाही.

९ एप्रिल
दादा दादरला, मी गिरगावात. दोघांकडे एकच खोली नि किचन. आईला माझ्याकडे आणू, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. दादा म्हणे मधेच कुठेतरी बघू, तुलाही बरं, मलाही बरं.
रफ वहीत मांडलं. अंतर ८ किमी धरलं. आई माझ्यापासून x वर, दादापासून ८ − x वर. बेरीज ८. x उडाला. डेरिव्हेटिव्ह सगळीकडे शून्य. कुठेही ठेवा, सारखंच.
माझंही सध्या असंच सपाट चाललंय.

१२, रवि.
अंतरांच्या वर्गांची बेरीज घेतली, म्हणजे एकालाच लांब पडायला नको. x = ४. भायखळा. दादाला पाठवलं. त्याचा अंगठा आला.

१६ एप्रिल
भायखळ्याची खोली पाहिली. लिफ्ट आहे, संडास घरात. आईने खिडकी उघडली, परत लावली. "बघा तुमी" म्हणाली. दादा खूश. २६ला पक्कं करू म्हणतोय.

२१, मंगळ.
लालबागला गेले, भांडी बांधायला. चार वाजता समोरच्या कांबळेमावशी चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि उंबऱ्यात बसल्या. मला बघून तिसरा कप आणायला उठल्या, नको म्हटलं. आई तांदूळ निवडत होती. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. तासाभराने मावशी कप घेऊन गेल्या. बाबा गेल्यापासून रोज येतात म्हणे. आता त्याही आपल्या मुलाकडे जाणार, कॉटन ग्रीनला.
मी आईला भायखळ्याचं गणित समजावलं. जरा कौतुकानेच. ती तांदळातला खडा बाजूला ठेवून म्हणाली,
"तुमी मधला घर बघतास. पण रोज कोण येता गो माझ्याकडे? ता मोज आधी."
सुपातले तांदूळ संपेपर्यंत मी तिथेच बसले.

२२ एप्रिल
मोजलं. हीच वही मागे चाळली. बाबांचं तेरावं झाल्यापासून मी लालबागला पाच वेळा. त्यातल्या दोन सह्यांसाठी. दादा चार. मावशी रोज.
गणित नव्याने मांडलं. अंतराला फेऱ्यांनी गुणायचं. आठवड्याला मावशींच्या सात, आमची दोघांची मिळून एकसुद्धा धड होत नाही. कुठूनही सुरुवात करा, मावशींकडे सरकलं की बेरीज कमीच होते, पार त्यांच्या कॉटन ग्रीनच्या दारापर्यंत. मधे कुठेच शून्य येत नाही. उत्तर टोकाला.
वीस वर्षं पोरांना सांगतेय, टोकं तपासा. पण माझी चूक पहिल्याच ओळीत होती. काय कमी करायचंय? आम्ही आमचे हेलपाटे कमी करत होतो.
लाज वाटली. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

२३ एप्रिल
दादाला सांगितलं, आईला मावशींजवळच जागा बघू. दोन मुलं असताना आई शेजारणीच्या आधाराने राहणार, लोक काय म्हणतील, म्हणाला. मी विचारलं, लोक आठवड्यातून किती वेळा येतात? तरी तो भायखळा सोडायला तयार नाही.
वर्गात एका मुलीने विचारलं, टीचर, उत्तर टोकाला आलं तर पूर्ण मार्क मिळतात का? मिळतात म्हटलं. पुढचं उदा. दिलं.

२४, शुक्र.
दुपारी आईचा फोन. ती आपणहून फोन करत नाही. मावशींच्या मुलाच्या इमारतीत तळमजल्याची खोली रिकामी होतेय. मालक रविवारी सकाळी दहाला दाखवणार, आणखी दोघं बघायला येणार आहेत. आवडली तर लगेच हो सांगावं लागेल. आईने एकटीने कधी कुठल्या मालकाशी बोलणं केलेलं नाही, ते बाबा करायचे.
"येतंस?" तिने विचारलं.
रविवारी दहा ते एक माझी जादा बॅच. क्लासच्या सरांना अजून विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील असंही नाही.
जमतंय का बघते, म्हटलं.
"बघ," आई म्हणाली.