ऐकलेल्याला दोन साक्षी

सर, तुम्हाला जाऊन बारा पावसाळे झाले आणि अजून माझ्या तोंडून पहिला शब्द 'सर' हाच निघतो. मेल्या माणसाची कसली भीती, असं लोक म्हणतात. लोकांना काय होतंय म्हणायला! तुमची पक्ष्यांची वही आत्ता माझ्यासमोर ओट्यावर उघडी पडली आहे आणि मी सवयीनं हात पुसून मगच तिला हात लावला. काल इंजिनिअरचा फोन आला होता. तोच, आपल्या रविवारच्या गटातला, हिंजवडीचा, ज्याला तुम्ही 'कॉम्प्युटरवाला' म्हणायचात. आता त्याचंही डोकं पिकलं. म्हणाला, "मॅडम, सरांच्या जुन्या वह्या ॲपवर चढवतोय. लाल रेघ मारलेल्या नोंदी सोडून देऊ ना?" मी म्हटलं, रविवारी सांगते. आज शनिवार आहे. त्याला काय सांगायचं ते ठरत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

आमच्या शाळेचे तुम्ही विज्ञानाचे मास्तर. पौडहून एसटीनं पिरंगुटला यायचात आणि तिथून दुसरी गाडी धरून आमच्या मुठा खोऱ्यात. शर्ट कडक इस्त्रीचा, खिशात दोन पेनं, एक निळं नि एक लाल. शनिवारच्या शेवटच्या तासाला तुम्ही पुस्तक मिटून पक्षी सांगायचात, आणि माझ्यासारखीला तो एकच तास शाळेत आणायचा. मी आठवीत होते. आमच्या शेताखालच्या ओढ्यावर धुणं धूत होते आणि समोर उंबराच्या मुळीवर तो बसला. चिमणीएवढा, जांभळा-नारिंगी, लालभडक चोच. एकदा बारीक शिट्टी मारली, ची-ची-ची, आणि सावलीतून सरळ निघून गेला. तिबोटी खंड्या. तुम्हीच फळ्यावर काढून दाखवला होतात. आईचं लुगडं वाहत गेलं तरी मला भान नव्हतं. त्याबद्दल घरी मार खाल्ला, तरी सोमवारची वाट बघत होते.

सोमवारी तुम्ही मला उभं केलंत. म्हणालात, "ऐकलंस की वाटलं?" मी म्हटलं, ऐकलं, पाहिलापण. तुम्ही हसलात. "अगं, तो कोकणातला पक्षी. घाट चढून तुझं धुणं बघायला आला होता होय?" सगळा वर्ग खिदळला. तिथं थांबला असतात तर मी विसरलेही असते. पण तुम्ही म्हणालात, आवाज काढून दाखव. मी काढला. पुन्हा काढ. पुन्हा. तो आठवडाभर हजेरी झाली की मी उभी राहून ची-ची करायचं आणि तुम्ही म्हणायचं, "ही चिचुंद्री झाली." शनिवारपर्यंत पोरं मला चिची म्हणायला लागली. दहावीपर्यंत म्हणत होती. अजूनही पिरंगुटच्या बाजारात एक किराणावाला म्हणतो, "काय चिची, आज काय देऊ?" आणि मी मुकाट्यानं तूरडाळ मागते.

तरी मी तुमच्या मागं आले, ही गोष्ट मला स्वतःलाच कधी नीट सांगता आली नाही. दर रविवारी पाच-सात माणसं घेऊन तुम्ही माळ, धरणकाठ, ओढे पालथे घालायचात, आणि त्यात बायकामाणूस मी एकटी. दुसरं होतं तरी कोण मला शिकवायला? परतल्यावर पौडला तुमच्या स्वयंपाकघरात बसायचं. काकू पोहे करायच्या, आणि तुमची नोंद लिहून होईपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही, पोहे गार झाले तरी. कायदा तुमचाच होता: पाहिलेल्याला एक साक्षी पुरे, ऐकलेल्याला दोन. एकट्यानं ऐकलं तर ते वाटलं, त्यावर लाल रेघ. माझ्या किती नोंदींवर तुम्ही ती ओढलीत, ते वहीत दिसतंच आहे. आणि तुमचं स्वतःचं? "माझे दोन कान म्हणजेच दोन साक्षी," असं म्हणून सगळ्यांना हसवायचात. मीही हसायचे. दहावी पास झाल्यावर तुम्ही मला तुमची जुनी दुर्बीण दिलीत. डाव्या भिंगाला बुरशी लागलेली. म्हणालात, "एकाच डोळ्यानं बघ. दुसरा असून तरी तू काय वापरतेस?" मी ती पिशवीत गुंडाळून उशाशी घेऊन निजले होते, इतकी वेडी.

त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, पोह्यांची ताटली उचलताना मला वहीतलं पान दिसलं. 'तिबोटी खंड्या. मुठा खोरे, उंबराचा ओढा. ऐकला. या भागातली पहिली नोंद. स्वतः.' आमचाच ओढा, सर. मी धीर करून म्हटलं, "सर, ह्यो मी आठवीत सांगितला व्हता की." तुम्ही पेनाला टोपण लावलंत. "सांगितला होतास? असेल." एवढंच. मग काकूंना म्हणालात, चहा टाका. खोटं नाही सांगत, तुम्ही मुद्दाम चोरलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तुमच्या ते ध्यानातच नव्हतं.

मी कारखान्यात लागले, पिरंगुटला, माल तपासायच्या खात्यात. वर्षं गेली. खोऱ्यात जमिनी विकल्या जाऊ लागल्या, आणि आमचा ओढ्याकाठचा तुकडा भावानं पुण्याच्या एका बिल्डरला द्यायचं ठरवलं. तुम्ही पेटून उठलात. एवढ्या वर्षांच्या नोंदी आहेत, पक्षी दर पावसाळ्यात इथं अंडी घालतो, यादी करून वनखात्याला देऊ, ओढा तरी वाचेल. खरं होतं. इंजिनिअर यादी करायला बसला आणि बिचारा सरळ माणूस, त्यानं विचारलं, "सर, या पक्ष्याच्या सगळ्या नोंदी ऐकलेल्या, आणि साक्षी एकच. आपल्याच नियमात बसत नाही हो." तुम्ही एवढे लाल झालात! म्हणालात, चला रविवारी, दुसरा साक्षी ही येईल. ही म्हणजे मी. "तालुक्यात हिच्याइतका कान कुणाचा नाही," हे तुम्ही तेव्हा पहिल्यांदा बोललात, तेही मला नाही, त्याला.

तो रविवार मला पायाखालच्या वाटेसारखा पाठ आहे. पाऊस थांबलाय, पण झाडं ठिबकतायत. इंजिनिअर छत्री धरून मागं उभा, पाण्याच्या आवाजात त्याला काही कळत नाही. तुम्ही उंबराखाली. आणि तो बोलतो. ची-ची-ची. लांबून, ओढ्याच्या वरच्या अंगानं, पण स्वच्छ. तुम्ही नेहमीसारखं एक बोट वर करता आणि माझ्याकडं बघता. अडुसष्ट वर्षांचा माणूस, आणि तोंडावर असा आनंद की जत्रेत पोराला शिट्टी मिळावी. त्या तोंडाकडं बघितलं आणि मला वर्ग आठवला, सगळाच्या सगळा, हसणाऱ्या पोरांच्या दातांसकट. मी म्हणाले, "न्हाई सर. कुटं?"

तुमचं बोट तसंच वर राहिलं. आणि तो मेला पुन्हा बोलला, या वेळी अगदी डोक्यावरून जाता जाता. तुम्ही ओरडलात, "आत्ता! हा काय आत्ता!" इंजिनिअरनं चिखलातून पाय उपसत विचारलं, काय झालं? आणि मी, तुमच्याच आवाजात, तुमच्याच हेलात विचारलं, "सर, ऐकलं की वाटलं?" तो हसला. त्याला वाटलं, गुरू-शिष्यांची थट्टा चाललीय. तुम्ही हसला नाहीत. करंगळी कानात घालून हलवलीत, मग दुसऱ्या कानात. म्हणालात, "वय झालं. बारीक आवाज आधी जातात म्हणे." मी मान डोलावली. डोलावली, सर! परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीशी होतात. पिरंगुटच्या अलीकडं तुम्ही हळूच विचारलंत, "मग गेल्या चार-पाच वर्षांचे? तेही वाटलेलेच असतील का गं?" तिथं तरी मला दया यायला हवी होती. मी म्हटलं, "आता ते कसं सांगावं, सर. तुमी एकलेच व्हता."

घरी तुम्ही वही घेऊन बसलात. या खेपेला पोहे खरंच गार झाले. लाल पेन काढलंत आणि एकेक पान मागं जात रेघा ओढत गेलात, नुसता खंड्या नाही, जेवढे म्हणून बारीक आवाजाचे पक्षी एकट्यानं ऐकलेले, तेवढे सगळे. पट्टी लावून ओढत होतात. काकू दारात उभ्या राहून माझ्याकडं बघत होत्या, हिनं काहीतरी बोलावं म्हणून. मी चहा प्यायले. दुसरा कप मागून घेतला.

यादी त्या पक्ष्याविना गेली. ओढ्यात मग वाचवण्यासारखं काय उरलं? उंबर पाडला, काठ सिमेंटनं बांधून काढला, आता तिथं बंगले आहेत आणि पोहायचा तलाव आहे. त्या भाऊबीजेला भावानं मला पैठणी आणली. म्हणाला, "आक्का, त्या मास्तरचं तोंड तूच बंद केलंस बघ. लई उपकार झालं." त्याला वाटतं मी त्याच्यासाठी केलं. गावालाही तसंच वाटतं. वाटू दे. मला जमिनीचं काही पडलं नव्हतं हे कुणाला सांगू, आणि सांगितलं तर जास्त लाज कशाची, याची की त्याची? पैठणी एकदाही नेसले नाही, पण परतही केली नाही.

तुम्ही रविवारी येणं सोडलंत आणि पुढच्या पावसाआधी गेलात. तेराव्याला काकूंनी वही माझ्या हातात ठेवली. तेव्हा म्हणाल्या, "पुण्याला नेऊन कान तपासले होते गं त्यांचे. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. यांना पटेना. म्हणाले, यंत्राला काय कळतं, ती नाही म्हणाली म्हणजे नव्हता." माझ्या हातात तेव्हा तेराव्याचा लाडू होता. मी तो खाल्ला.

आता ऐका. बंगल्यांच्या वर, जिथून त्या दिवशी पहिला आवाज आला, तिथं ओढा अजून उघडा आहे. दोन उंबर आहेत, मातीचा काठ आहे. यंदा तिथं चुना फासलेले खुंट ठोकलेत. मोजणी झाली. आणि या जूनमध्ये मी तिथं त्याला ऐकला. एकटीनं. कारखान्याच्या इतक्या वर्षांनंतरही माझे कान शाबूत आहेत, तुमचे होते तसे. नंतर दोन रविवार गटातल्या माणसांना घेऊन गेले, तेव्हा नेमका बोलला नाही. इंजिनिअर म्हणतो, तुमच्या एकटीची नोंद नियमात बसत नाही, मॅडम. जुनी एखादी दोन साक्षींची असती तर तेवढ्यावर अर्ज करता आला असता. तशी एक आहे, सर. त्या रविवारची. पानावर तुमचं बोटभर अक्षर आहे: 'तिबोटी खंड्या. ऐकला.' मग त्यावर रेघ, आणि खाली लाल शाईत, 'ऐकला नाही. वाटला.' शेजारी दुसऱ्या साक्षीची जागा कोरी. तिथं मी सही केली की झालं. लाज वाटेल, भाऊ तोंड बघणार नाही, गट थुंकेल. त्याला मी भीत नाही, थोडं आयुष्य राहिलंय, निघून जाईल.

सकाळपासून पेन तीनदा उघडून मिटलं. हे पत्र काकूंना वाचून दाखवावं असंही मनात आलं, पण त्यांना आता कुणी ओळखू येत नाही. म्हणजे हे इथंच, वहीच्या पुठ्ठ्यात जाणार. आणि सही का होत नाही ते तुमच्यापाशी लपवण्यात अर्थ नाही, तुम्ही वर्गात माझ्या तोंडावरून सगळं ओळखायचात. पान उघडते, तुमच्या हातची ती लाल रेघ बघते, तुम्ही पट्टी लावून ओढलेली, आणि सर, बारा वर्षं झाली तरी मला अजून बरं वाटतं.