शिडीवर मोजे

ग्रुनविक, ३ मार्च १९८६

ती. बोरघिल्डताईस,
सिव्हर्टचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेली दोरीची शिडी पोचली. शिडी चांगली आहे, सध्या तिच्यावर माझे मोजे वाळत आहेत. ती होडीला बाहेरून लटकवून मी एकटा कॉड धरायला निघालो, तर धक्क्यावरचे लोक विचारतील, वर कोण येणार आहे, मासे? पडलोच तर होडीची कड धरून वर येईन. अजून म्हातारा झालेलो नाही.

गेल्या वर्षीचं तरंगणारं जाकीट मांजराला फार आवडलं आहे. ते त्यावरच झोपतं.

लोभ असू दे, पार्सलं थोडी कमी कर.

तुझा सिव्हर्ट


बोडो, ९ मार्च

चि. सिव्हर्टला अनेक आशीर्वाद.

तुझं मांजर बुडणार नाही हे वाचून बरं वाटलं. तुझं काय?

बाबाही एकटेच जायचे, आणि होडी रिकामी सापडली. मला तसला फोन नको आहे, सिव्हर्ट. मला भीती वाटते, स्पष्टच लिहिते.

एक कर. येत्या शनिवारी होडी धक्क्याला बांध, रोजचे कपडे आणि बूट घालून पाण्यात उतर आणि कड धरून वर ये. जाकीट मात्र घाल आणि शेजारच्या आमुंडला तुझ्या कमरेचा दोर धरायला सांग. वर आलास तर मी पुन्हा शिडीचं नाव काढणार नाही. नाही आलास तर शिडी लटकवायची आणि जाकीट रोज घालायचं.

मांजराला माझा नमस्कार, तुला धाक.

तुझी बोरघिल्ड


ग्रुनविक, १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी सगळं गाव धक्क्यावर आलं होतं. आमुंडच्या बायकोने वॉफल केले होते. खेळ लांबणार म्हणून ढीगभर केले होते, त्यावरून माझ्यावर कोणाचा किती भरवसा आहे ते कळलं.

पाण्यात पडलं की आधी श्वास आपला राहत नाही. छाती आपणहून धापा टाकते. जाकीट नसतं तर मी त्या धापांबरोबर पाणीच प्यायलो असतो. मग कड धरली. दोनदा अर्धा वर आलो, पण बुटांत पाणी भरलं होतं, घसरलो. तिसऱ्यांदा बोटं मिटेनात. माझीच बोटं, समोर कडेवर दिसत होती, पण ऐकत नव्हती. शेवटी आमुंडने मला मासे उतरवायच्या क्रेनने वर काढलं. त्या क्रेनला वजनकाटा आहे. आकडा त्याने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

शिडी उजव्या बाजूला लटकवली. जाकीट मांजराकडून परत घेतलं, ते बोलत नाही माझ्याशी.

ताई, एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बाबा गेले त्या वसंतात त्यांची होडी मी रंगवली होती. उजव्या कडेला, बाहेरच्या अंगाने रंग ओरबाडून गेलेला होता. धक्क्याला घासली असेल असं समजून मी त्यावर दोन हात मारले. लाटेने एका क्षणात नेलं, त्यांना कळलंही नसेल, असं आई सांगायची. पण धक्का डाव्या बाजूला असायचा. ते बाहेरून वर यायला बघत होते, ताई. बराच वेळ.

मला आज जास्त लिहवत नाही.

तुझा सिव्हर्ट


बोडो, २१ मार्च

चि. सिव्हर्टला अनेक आशीर्वाद.

आईला ते ठाऊक होतं. होडी ओढून आणली त्याच दिवशी तिने ते ओरखडे पाहिले. बर्फ वितळल्याबरोबर रंगाचा डबा तुझ्या हातात तिनेच दिला होता, आठवत असेल. तिच्या शेवटच्या आजारपणात तिने मला हे सांगितलं, आणि म्हणाली, सिव्हर्टला बोलू नकोस, तो समुद्रावर जायचा राहणार नाही आणि रोज ते डोळ्यांपुढे घेऊन जाईल.

म्हणून मी बोलले नाही. शिडी पाठवली.

माझा लोभ आहेच, तुलाही माहीत आहे. दुसरी शिडी आजच टपालात टाकली आहे, ती डाव्या बाजूला लाव. मोजे दोरीवर वाळव.

तुझी बोरघिल्ड