वहिनीच्या हातचं तेल

माय, तू गेल्यावर तुझ्या पाटल्या वहिनीला गेल्या, त्याचं मला काही वाटलं नाही. शेत दादाच्या नावावर झालं, तेही रीतच म्हणून सोडून दिलं. पण तुझं केसांचं तेल तिच्याकडं राहिलं, ते अजून माझ्या पोटात सलतं. डोक्यावर निम्मे केस पांढरे झालेल्या बाईनं असं बोलू नये, हे मला कळतं. पण तुझ्यापुढं कसली लाज.

मुरुडचं आपलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. घाण्यावरून आणलेलं तिळाचं तेल मंद आचेवर आहे, त्यात सावलीत वाळवलेला माका, जास्वंदीची फुलं आणि मूठभर मेथी. बुडबुडे थांबले की तू कढई उतरवतेस, आणि तेल कोमट झालं की मी तुझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये येऊन बसते. मग तू माझं डोकं असं रगडतेस की जणू दादाची मळकी पॅंटच हाती आली आहे. डोळ्यांत पाणी येतं, मान हलली तर पाठीत धपाटा बसतो, आणि वेणी इतकी घट्ट की दिवसभर भुवया चढलेल्या राहतात. तरी मला तो वेळ हवा असायचा, कारण रानातून आल्यावर सगळ्या घराची असलेली तू तेवढ्यापुरती माझी एकटीची व्हायचीस. लग्न होऊन नांदेडला गेले तरी तू कधी बाटली भरून दिली नाहीस. हातातून हातात तेल दिलं की भांडण लागतं, लेकीनं यावं आणि बसावं, असं तुझं म्हणणं. मग मीही पंचमीला, दिवाळीला मुद्दाम कोरड्या डोक्यानं यायचे.

आणि मग वहिनी आली. माहेर धर्माबादकडचं, बोलण्यात मधूनच तेलुगूचा हेल, आणि वेणी म्हणजे उंदराची शेपटी. मी मनातल्या मनात हसले होते, खोटं कशाला सांगू. पुढच्या एका दिवाळीला आले तर तिची वेणी चांगली मनगटाएवढी झालेली, आणि तू तिला चुलीशी बसवून बुडबुडे कसे ओळखायचे ते दाखवत होतीस. मला तू कधी त्या कढईजवळ येऊ दिलं नव्हतंस. तुला काय करायचंय, तू आयती ये, म्हणायचीस. तोवर मला ते लाड वाटायचे. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की लेकीला नुसतं तेल, आणि सुनेला विद्या.

पण खरं दुखणं याच्यापुढचं आहे. लातूरच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं होतं. औषधांनी केस विरळ झालेले, उशीवर पुंजके पडायचे. मी नांदेडहून आले ती पिशवी टेकवून थेट वाटीत तेल कोमट करूनच तुझ्या उशाशी बसले. बोटं टेकवली मात्र, तू डोळे न उघडता म्हणालीस, "राहू दे. तिला येऊ दे." वहिनी पीठ मळत होती. ती हात पुसत आली, माझ्याकडं न बघता बसली. मी आत जाऊन तिचं राहिलेलं पीठ मळलं, इतकं मळलं की भाकरी थापायच्या लायकीचं राहिलं नाही. तेव्हापासून मी तिच्या हातचं जेवते, साडीचोळी घेते, पण तिचा हात डोक्याला लागू दिला नाही.

आता माझी लेक नांदेडबाहेर विष्णुपुरीच्या कॉलेजात आहे, रोजचं जाणंयेणं नको म्हणून तिथंच राहते. होस्टेलला बोअरचं पाणी, जेवणाची आबाळ, कंगव्यात केसच केस. मी हौसेनं तेल करायला घेतलं आणि माका धुऊन ओलाच कढईत टाकला. आधी अंगावर तेल उडालं, मग पंधरवड्यात बाटलीला कुबट वास सुटला. डॉक्टरनं सांगितलं, अंगात रक्त कमी आहे, गोळ्या घ्या, नीट जेवा. तेलानं नवे केस उगवत नाहीत, डोक्याची कातडी मऊ राहते, केस तुटायचे कमी होतात, एवढंच. पोरगी गोळ्या घेऊ लागली आणि रविवारी उठून मुरुडला जाऊ लागली. गळती कमी झाली, तर श्रेय कुणाला? "मम्मी, मामीच्या हाताला लई गुण हाय," म्हणाली. माझा जळफळाट झाला. आधी माय नेली, आता लेक. हे मी नवऱ्याला बोलूनही दाखवलं, त्यानं पेपरमधून हं केलं.

मागच्या रविवारी मी पोरीबरोबर मुद्दाम गेले, वहिनी अशी काय जादू करते ते डोळ्यांत तेल घालून बघायला. पोरीचं झालं, ती उठली. वहिनीनं हात पुसले नाहीत. म्हणाली, "बसा ताई. लई वर्सं झाली, वाट बघून राहिले मी." पोरीसमोर नाही म्हणवेना. बसले.

माय, तिचा हात तुझ्यासारखा असेल याचीच मला भीती होती. तो तसा मुळीच नाही. ती रगडत नाही, ओढत नाही. बोटांच्या टोकांनी चाचपते, दुखतं तिथं थांबते, तिथंच राहते. माझी मान आपोआप खाली आली, आणि तेव्हा कळलं. त्या दिवसांत तुला नुसती उशी टेकली तरी दुखत असणार. माझा हात तुझ्यावर गेला आहे. माझी पोरगी लहानपणी माझ्या हाती डोकं दिलं की रडायची, मग मी तिला धपाटे घालायचे. तुला मी नको नव्हते. तुला तुझाच हात नको होता.

हे कळलं म्हणून जळणं थांबलं, असं समजू नकोस. ती तुझ्याजवळ होती आणि मी पीठ मळत होते, हे काही बदलत नाही. हे पत्र पाठवायची सोय असती तरी एवढी गाऱ्हाणी करून मी ते तुला कुठल्या तोंडानं पाठवलं असतं? तिनं हात उचलून "बास का ताई?" विचारलं, तेव्हा मी डोळे मिटूनच म्हणाले, "अजून जरा."